मांस आधी, शिंगं शेवटी

मागच्या भागात बोलता बोलता मी म्हणून गेलो की मी अलास्कात शिकारीच्या कॅम्पवर चार दिवस राहून आलोय, आणि त्यावरून दोन प्रकारचे मेसेज आले. एक, "भारी! फोटो टाक." आणि दुसरे, "शिकार? लाज नाही वाटत?" दोन्ही बरोबर आहेत. मलाही जाण्याआधी दोन्ही वाटत होतं. म्हणून आज त्या चार दिवसांतला एकच दिवस सांगतो, दुसरा. फोटो टाकणार नाही, कारण ज्या वेळी खरं काही घडत होतं त्या वेळी माझे दोन्ही हात रक्ताने तरी भरलेले होते, नाहीतर थरथरत तरी होते.

आधी थोडं पार्श्वभूमीचं. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकार बंद. आपण सगळे त्या कायद्यात वाढलो, त्यामुळे शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकतर जुन्या राजेमहाराजांचे वाघावर पाय ठेवलेले फोटो येतात, नाहीतर बातम्यांमधले तस्कर. अलास्कात प्रकार वेगळा आहे. तिथे राज्याचं मासे आणि शिकारीचं खातंच आहे. कुठल्या भागात, कुठल्या तारखांना, कुठला प्राणी, नर की मादी, किती, हे सगळं ते ठरवतं. नियमांचं पुस्तक दरवर्षी निघतं आणि ते आपल्या दिवाळी अंकाएवढं जाड असतं. गंमत नाही करत.

मी सिअॅटलला नोकरी करतो. माझा एक जुना सहकारी अँकरेजचा, आता तिकडेच परत गेलाय. त्याने बोलावलं. म्हणाला, "तुला शिकार करता येणार नाही, पण ओझं वाहायला माणूस हवाय." आणि ते खरंच होतं. मी अमेरिकेचा नागरिक नाही आणि अलास्कात राहतही नाही. अशा माणसाला तिथे कुठलाही मोठा प्राणी मारायचा असेल तर परवानाधारक गाइड सोबत लागतो, आणि त्याचे पैसे ऐकले तर आपण गावाकडे जमीन घेऊ. मासेमारीचं लायसन्स मात्र मिळतं. म्हणजे माझी भूमिका ठरली: हमाल आणि मच्छीमार. तिसरे त्याचे वडील, वय अडुसष्ट. मी त्यांना नावाने हाक मारायचो, तिकडे तसंच असतं, पण मनात काकाच म्हणायचो, म्हणून इथेही काका म्हणतो.

अँकरेजमध्ये लेक हूड नावाचं तळं आहे. तिथे गाड्या लावाव्यात तशी पाण्यावर उतरणारी विमानं रांगेत लावलेली असतात. तिथून एका बीव्हर विमानात बसलो. जुनं, खडखडणारं, आत पेट्रोलचा वास. पश्चिमेला सुसित्ना नदी ओलांडली की रस्ते संपतात. म्हणजे खरोखर संपतात, पुढे कच्चा रस्तासुद्धा नाही. अलास्का रेंजच्या पायथ्याशी एका तळ्यावर पायलटने आम्हाला उतरवलं, सामान काठावर टाकलं आणि गेला. त्याच्या इंजिनाचा आवाज बंद झाला तेव्हा जी शांतता आली, ती मला अजून आठवते. कान दुखायला लागले होते, खरं सांगतो.

त्या पहिल्या संध्याकाळी तंबू ठोकत असताना तळ्याच्या पलीकडच्या काठावर मूस दिसला. मूस म्हणजे हरणाच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. घोड्यापेक्षा उंच, लांब तोंड, गळ्याखाली लोंबणारी झालर, आणि नराला पसरट, हाताचे पंजे उघडावेत तशी शिंगं. दोनशे मीटरवर आरामात उभा. मी मित्राकडे बघितलं. तो तंबूचे खुंटे ठोकत राहिला. नियम असा आहे की ज्या दिवशी तुम्ही विमानाने आलात त्या दिवशी मूस मारता येत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच. का? तर वरून विमानातून प्राणी हेरायचा, शेजारी उतरायचं आणि गोळी घालायची, असं कोणी करू नये म्हणून. तिथे बघायला कुणी पोलीस नव्हता. शंभर किलोमीटरच्या परिसरात आम्ही तिघं आणि तो. काका म्हणाले, "जेवून झोपा."

दुसरा दिवस. सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता, पहाटे दोन-तीन अंश तापमान. साडेपाचला उठून, डोक्याला टॉर्च लावून, एका टेकाडावर जाऊन बसलो. उजाडायला साडेसहा वाजले. मग सुरू झालं बघणं. शिकार म्हणजे नव्वद टक्के दुर्बिणीतून बघणं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बघा, थांबा, गार पडा, परत बघा. मध्येच काका मूसच्या मादीचा आवाज काढायचे, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून, नाकातून, लांबलचक. आपल्याकडे म्हैस अडवली की जशी ओरडते तसा काहीसा. आणि त्यांच्याकडे एक जुनं, वाळलेलं खांद्याचं हाड होतं. ते ते झुडपांवर घासायचे, नर शिंगं घासतो तसा आवाज यायला. मला हसू येत होतं. नऊच्या सुमाराला झाडीतून तसाच आवाज उत्तरादाखल आला आणि माझं हसू गेलं.

तो बाहेर आला. आता मला वाटलं, झालं, बंदूक उचलणार. पण पुढची वीस मिनिटं फक्त मोजणी चालली होती. आम्ही होतो त्या भागात कुठलाही नर मारता येत नव्हता. एकतर अगदी कोवळा, शिंगाला एक किंवा दोनच टोकं असलेला. नाहीतर शिंगांचा पसारा पन्नास इंच, म्हणजे चार फुटांपेक्षा जास्त. नाहीतर कपाळाजवळून पुढे येणारे फाटे एका बाजूला तरी किमान तीन. मधल्या वयाच्या नरांना सोडायचं, म्हणजे प्रजननाला पुरेसे नर उरतात. आता दीडशे मीटरवरून पन्नास इंच मोजणार कसे? तर मूसच्या दोन डोळ्यांमध्ये साधारण दहा इंच अंतर असतं. ते डोळ्यांनी धरायचं आणि शिंगांवर मोजायचं. मित्र म्हणाला अठ्ठेचाळीस. काका म्हणाले पंचेचाळीस. म्हणजे नाही. चूक झाली तर दंड, आणि मांस-शिंगं सगळं जप्त. मग उरले ते पुढचे फाटे. उजव्या बाजूला दोनच. डावी बाजू दिसत नव्हती.

आम्ही थांबलो. तो पालापाचोळा हुंगत उभा. माझा डावा पाय झोपी गेला होता. शेवटी त्याने मान वळवली, काकांनी दुर्बीण न काढता तीन बोटं वर केली. मग दुर्बीण मला दिली, "तू मोज." मी मोजले. तीन. मित्रानेही मोजले. त्यानंतर काकांनी जो प्रश्न विचारला तो मला वाटतं पूर्ण दिवसाचा मुख्य प्रश्न होता: "इथून तंबूपर्यंत किती फेऱ्या?"

कारण असं आहे, मंडळी. पूर्ण वाढलेला नर साडेपाचशे ते सातशे किलोचा असतो. त्यातून खाण्यालायक मांस सव्वादोनशे किलोपर्यंत निघतं. आणि अलास्कात मांस टाकून येणं हा गुन्हा आहे. नुसत्या मांड्या नाहीत, मानेचं, छातीचं, बरगड्यांमधलं, पाठीचं, सगळं आणावं लागतं. आणि शिंगं? ती मांसाची शेवटची खेप निघाल्यावर किंवा तिच्याबरोबर. त्याआधी शिंगं उचलायची नाहीत. म्हणजे ट्रॉफीचा फोटो काढायला आलेल्या माणसाला आधी खाटीक आणि मग गाढव व्हावं लागतं. मला हा नियम फार आवडला. अर्थात तेव्हा अजून मी ओझं उचललं नव्हतं.

एकच गोळी. तो तीस-एक मीटर चालला, दलदलीच्या अलीकडे थांबला आणि बसला. पळाला नाही, ओरडला नाही. काकांनी हात वर करून आम्हाला दहा मिनिटं हलू दिलं नाही. त्या दहा मिनिटांबद्दल मला खूप बोलता येणार नाही. मी मटण खाणारा माणूस आहे, दर रविवारी लायनीत उभा राहून आणणाऱ्या घरातला. पण आणलेलं मटण आणि हे, यात मध्ये जे असतं ते मी पहिल्यांदा बघत होतो. जवळ गेलो तेव्हा त्याच्या अंगातून वाफ येत होती. मित्राने टोपी काढून मानेवर हात ठेवला, काही पुटपुटला, आणि बाह्या वर केल्या.

कातडं लवकर काढायचं असतं, नाहीतर आतल्या उष्णतेने थंडीतही मांस खराब होतं. तीन तास लागले. काका सुरी चालवत होते आणि आम्ही पाय धरून, ओढून, वळवून. मांस जाळीदार कापडी पिशव्यांमध्ये भरलं, हवा लागावी आणि माश्या बसू नयेत म्हणून. मग दीड वाजल्यापासून साडेपाचपर्यंत वाहतूक. अंतर पाऊणच किलोमीटर. आपल्याकडे पाऊण किलोमीटर म्हणजे रिक्षाही करत नाही आपण. पण तिथली जमीन म्हणजे पाण्याने फुगलेला स्पंज, त्यावर गवताचे गुडघ्याएवढे गड्डे, आणि मध्ये ऑल्डरची झुडपं, जी खालच्या बाजूला वाढतात आणि पायात अडकतात. मागची मांडी हाडासकट एकट्या माणसाने उचलली तर पाठीला ते वजन बोलतं. माझ्या चार फेऱ्या, मित्राच्या चार, काकांच्या हलक्या दोन. दुसऱ्या फेरीत मी पडलो, पाठीवरच्या मांसासकट, आणि कासवासारखा उलटा पडून राहिलो. मित्र एवढा हसला की त्याला स्वतःचं ओझं उतरवून बसावं लागलं.

शेवटच्या फेरीत मित्राने शिंगं आणली. पंचेचाळीस इंच निघाली. काका काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघून भुवई उडवली.

मांस तंबूंपासून शंभर मीटरवर, दोन झाडांच्या मध्ये आडवी बांधलेली लाकडी काठी होती तिला टांगलं. तंबूंभोवती बॅटरीवर चालणारं विजेच्या तारेचं छोटं कुंपण. दोन्हींच्या मध्ये तळ्यातून निघणारा ओढा. हे चित्र डोक्यात ठेवा: इकडे तंबू, तिकडे मांस, मध्ये ओढा.

आता माझी पाळी होती. मला पाठ मोडल्यासारखं झालं होतं, पण गळ टाकायचाच होता. माझं आजोळ दापोलीकडे, खाडीकाठी. लहानपणीच्या सगळ्या मे महिन्यांच्या सुट्ट्या मी मामाबरोबर गरवायला घालवल्या. गरी, दोरा आणि कोळंबीचं आमिष, बास. इथे उसनी काठी आणि चमकणारा फिरता पत्रा लावलेला गळ. ओढ्यात सिल्व्हर सामन होते, त्यांना कोहोही म्हणतात. समुद्रातून आपल्या जन्माच्या पाण्याकडे वर चढून येतात, अंडी घालतात आणि मरतात. सप्टेंबरात बरेचसे लालसर पडलेले असतात, ते खायला तितके चांगले नाहीत, पण अजून काही चकचकीत येत होते.

तिसऱ्या-चौथ्या फेकीला लागला. मंडळी, शेंगटी ओढणं आणि सामन ओढणं यात लुना आणि बुलेटएवढा फरक आहे. पाण्याबाहेर उडी, मग खाली, मग उलट माझ्याकडेच. दहा मिनिटांनी काठावर आणला आणि बघतो तर गळ तोंडात नाही, पंखाच्या मुळाशी अडकलेला. नियम: गळ तोंडाबाहेर लागला असेल तर मासा लगेच सोडायचा. दिवसभर नियम ऐकून माझंही डोकं तयार झालं होतं. सोडला. जड अंतःकरणाने, पण सोडला. नंतर दोन मिळाले, व्यवस्थित तोंडात, चांदीसारखे. दोन बास म्हणून थांबलो. मामाला व्हिडिओ पाठवायचा होता, पण नेटवर्क कुठलं.

आणि इथे मी ती चूक केली. अंधार पडायला लागला होता, हात बधिर झाले होते. मी ओढ्याच्या काठावर, जिथे उभा होतो तिथेच, दोन्ही मासे साफ केले. आतडी, कल्ले, डोकी, सगळं काठाजवळच्या उथळ पाण्यात टाकलं. आजोळी आम्ही असंच करायचो. खाडीवर कावळे असतात, मांजरं असतात, खेकडे असतात, आणि भरतीचं पाणी येऊन सगळं घेऊन जातं. अर्ध्या तासात जागा स्वच्छ. माझ्या हातांना तेच माहीत होतं. या ओढ्याला भरती नाही, हा विचार डोक्यात आलाच नाही. तिथे हे सगळं बारीक करून धारेच्या मध्यभागी, खोल आणि वेगवान पाण्यात टाकायचं असतं, कॅम्पपासून लांब. काकांनी आल्या दिवशी सांगितलंही होतं. मी मान डोलावली होती.

जेवण झालं. मूसची पाठीची मऊ पट्टी तव्यावर, नुसतं मीठ, आणि सामन फॉइलमध्ये. मी सोबत नेलेला घरचा काळा मसाला काकांनी माशावर घालून बघितला आणि अर्धी पुडी संपवली. नऊच्या सुमाराला मित्र दात घासत उभा होता, आणि त्याने एकदम टॉर्च ओढ्याकडे वळवली.

तीन जोड्या डोळे. एक मोठी, दोन लहान. तपकिरी अस्वल, मादी, दोन पिल्लं. मी मासे साफ केले होते त्याच जागी.

कुणीही ओरडलं नाही आधी. काका हळू आवाजात म्हणाले, "एकत्र उभे राहा." मग आम्ही तिघं खांद्याला खांदा लावून, मोठ्याने बोलायला लागलो. ओरडणं नाही, बोलणं. काका तिला चक्क रागावत होते, शेजाऱ्याच्या गुरांना हाकलावं तसं. मित्राच्या हातात रायफल, माझ्या हातात मिरचीचा फवारा, ज्याची सेफ्टी क्लिप माझ्याकडून निघत नव्हती. मादीने मान वर केली. मागच्या पायांवर उभी राहिली, हुंगलं. परत खाली झाली. पिल्लं पाण्यातलं चिवडत होती, त्यांना आमची काही फिकीर नव्हती. मग ती दोन पावलं मांसाच्या काठीकडे गेली. मग आमच्याकडे बघितलं. तोंडाने टक-टक असा आवाज काढला, दात आपटल्याचा.

किती वेळ गेला मला सांगता येत नाही. मित्र नंतर म्हणाला चार मिनिटं. माझ्या डोक्यात त्या वेळी भीतीपेक्षा वेगळंच चाललं होतं: हिला मी बोलावलंय. मित्राला आता घोडा दाबावा लागला, तर दोन पिल्लं आईशिवाय हिवाळ्याच्या तोंडावर, आणि ते माझ्यामुळे.

ती गेली. झुडपात, पिल्लांना पुढे घालून. फांद्या मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

काका टॉर्च घेऊन ओढ्यावर गेले, बघून आले. मला वाटलं आता ओरडतील. ते माझ्याशेजारी बसले आणि सांगितलं. स्वसंरक्षणासाठी अस्वल मारायला कायद्याने परवानगी आहे. पण तुम्ही निष्काळजीपणे अन्न, घाण टाकून त्याला ओढवून आणलं असेल, तर ते कारण चालत नाही. जगण्याचाच प्रश्न नसेल तर नुसतं मांस वाचवायला म्हणूनही मारता येत नाही. आणि मारलंच, तर कातडं आणि कवटी सोलून सरकारजमा करायची आणि लेखी सांगायचं काय झालं. "त्या कागदावर," ते म्हणाले, "माझ्या मुलाला तुझ्याबद्दल लिहावं लागलं असतं." एवढंच. मग म्हणाले, पहिला पहारा तुझा.

मी अकरा ते दोन बसलो. शेकोटी, मांडीवर फवारा. क्लिप कशी काढायची ते मी त्या तीन तासांत निदान पन्नास वेळा करून बघितलं. ती परत आली नाही. पहाटे उजाडल्याबरोबर मी बादली घेऊन गेलो, उरलेलं सगळं वेचलं, काठावरची वाळूसुद्धा खरवडली, आणि खाली जिथे धार जोरात होती तिथे मध्यावर टाकलं. वाळूत तिच्या पंजाचा ठसा होता. मी माझा हात बोटं पसरून त्यात ठेवला, चारही बाजूंनी जागा उरली.

सॅटेलाइटच्या यंत्रावरून मित्राने पायलटला मेसेज केला, मांस घ्यायला आधी ये. तो त्या दुपारी आला. मांसाची खेप त्याच्यासोबत गेली, अँकरेजला मित्राच्या बायकोने ती घेतली. शिंगं आमच्याबरोबर, शेवटच्या खेपेला. त्यांच्या गॅरेजमध्ये मोठा फ्रीजर आहे, तो भरला. त्यांच्या घरी हिवाळाभर विकतचं मांस फारसं येत नाही, आणि का येत नाही हे मला आता खांद्यांवरून माहीत आहे.

मला त्यांनी सहा किलो दिलं, गोठवून. सिअॅटलला आणून बायकोने कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला. चरबी अजिबात नसते, त्यामुळे कुकरला जास्त शिट्ट्या लागतात, हे ज्यांना कधी उपयोगी पडेल त्यांच्यासाठी. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, "हरीण का रे ते?" म्हटलं, हरणाच्याच कुळातलं. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मीठ बघितलंस का?"

यंदाही बोलावलंय त्यांनी. काकांचा मेसेज होता, दोन ओळींचा. ये, आणि मासे साफ करायचं काम तुझ्याकडेच आहे.